परतीचा पाऊस थांबला की गुलाबाची छाटणी: घरच्या बागेसाठी ऑक्टोबर ते मार्चचा सल्ला

हिवाळ्यात गुलाब कसा फुलणार, हे बहुतेक ऑक्टोबरच्या दोन-तीन आठवड्यांतच ठरते. छाटणी वेळेवर झाली, काप नीट बसला आणि खाली पडलेला पाला उचलला गेला, तर पुढची निम्मी फवारणी वाचते. नैसर्गिक पद्धतीने गुलाब करायचा तर हेच आधी जमले पाहिजे. अर्क आणि द्रावणे त्यानंतर.

छाटणीची घाई करू नये. पावसाची झड चालू असताना केलेल्या कापांत पाणी मुरते आणि फांदी शेंड्याकडून काळी पडत खाली येते. हीच फांदीमर. महाराष्ट्रात साधारण 10 ऑक्टोबरनंतर, कोकणात 20 तारखेच्या आसपास, सलग चार-पाच दिवस कोरडे मिळाले की हात घालावा. छाटणीपासून पहिल्या बहराला 45 ते 55 दिवस लागतात. म्हणजे दिवाळीच्या मागेपुढे छाटलेल्या झाडाला डिसेंबरमध्ये फुले येतात. नोव्हेंबर अखेरपर्यंत रेंगाळले, तर थंडीत फूट मंदावते आणि बहर उशिरा येतो.

जमिनीतल्या झाडाचे पाणी छाटणीपूर्वी पाच-सहा दिवस तोडावे. कुंडीतल्या झाडाला असा ताण देऊ नये; तिथे माती थोडी, मुळे लगेच सुकतात. मुळे उघडी करून ऊन देण्याची जुनी रीतही कुंडीत वापरू नये.

सिकेटर (छाटणीची कात्री) धारदार हवा. बोथट पात्याने फांदी चेचली जाते आणि चेचलेल्या सालीतून बुरशी शिरते. एका झाडावरून दुसऱ्याकडे जाताना पाती स्पिरिटने पुसावीत. आधी मेलेल्या, रोगट, एकमेकींना घासणाऱ्या आणि पेन्सिलीपेक्षा बारीक काड्या मुळापासून काढाव्यात. चार-पाच जोमदार फांद्या उरल्या की त्यांची उंची कमी करावी. मोठ्या फुलांच्या हायब्रिड टी जाती, उदाहरणार्थ ग्लॅडिएटर, जमिनीत 40 ते 45 सेंटिमीटरवर आणि कुंडीत 25 ते 30 सेंटिमीटरवर ठेवाव्यात. झुपक्याने फुलणाऱ्या फ्लोरिबंडाचा आणि देशी गुलाबाचा वरचा तिसरा हिस्साच काढावा. वेलगुलाबाच्या लांब फांद्या तोडू नयेत, त्या आडव्या बांधाव्यात. आडव्या फांदीवर जागोजाग फूट येते. पहिल्या वर्षाचे झाड फक्त शेंड्याला छाटावे.

काप बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या (जिथून नवी फूट निघते त्या कोंबाच्या) अर्धा सेंटिमीटर वर, डोळ्याच्या विरुद्ध दिशेला उतरता घ्यावा. फार वर घेतला तर डोळ्यावरचे खुंट वाळते आणि तिथूनच मर सुरू होते. काप घेतला की एकदा आत बघावे. मधला गर पांढुरका-हिरवट दिसला, तर फांदी निरोगी. तपकिरी ठिपका किंवा रेघ दिसली, तर मर आतून खाली उतरलेली असते. आणखी एक डोळा खाली जाऊन कापावे आणि स्वच्छ गर दिसेपर्यंत उतरत जावे. बाहेरून साल हिरवी आहे म्हणून इथे दया दाखवली, तर महिन्याभरात ती फांदी पुरी जाते.

कापांवर त्याच दिवशी बोर्डो मलम लावावे. हे सेंद्रिय शेतीतही मर्यादित वापराला चालते. पाच-दहा झाडांसाठी 10 ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) 50 मिलिलिटर पाण्यात आणि 10 ग्रॅम कळीचा चुना वेगळ्या 50 मिलिलिटर पाण्यात विरघळवावा. चुना निवला की दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात ओतत ढवळावे. भांडी प्लास्टिकची किंवा मातीची घ्यावीत, लोखंडी नकोत. मिश्रणात लोखंडी खिळा मिनिटभर बुडवावा; त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला आहे, थोडा वाढवावा. मलम उरवून ठेवू नये. कापावर शेण थापण्याची सवय सोडावी, कारण शेण ओल धरून ठेवते आणि जखमेला तीच नको असते.

मग झाडावर उरलेली जुनी पाने हाताने उतरवावीत आणि आळ्यातला पाला वेचून घराबाहेर टाकावा. पावसाळ्यातल्या काळ्या ठिपक्यांची बुरशी याच पानांवर टिकते. हा पाला कंपोस्टच्या खड्ड्यात घालू नये.

खत आणि माती

छाटणीनंतर दोन-तीन दिवसांनी आळे पाच सेंटिमीटरपर्यंतच खुरपावे, कारण अन्न घेणारी बारीक मुळे वरच असतात. जमिनीतल्या झाडाला एक घमेले, म्हणजे पाच किलोच्या आसपास, पूर्ण कुजलेले शेणखत आणि 100 ग्रॅम निंबोळी पेंड द्यावी. 12 इंची कुंडीत वरची पाच सेंटिमीटर माती काढून तिथे गांडूळ खत आणि 30 ग्रॅम निंबोळी पेंड भरावी. शेणखतात किलोमागे 10 ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला मारक अशी उपयोगी बुरशी) मिसळून आठवडाभर सावलीत ओलसर ठेवले, तर मुळांच्या बुरशीला चांगला आळा बसतो. अर्धकच्चे शेणखत मात्र कधीच नको. त्यातून हुमणी येते. खत पसरून बघावे. पांढऱ्या, अर्धगोल वळलेल्या, तांबड्या डोक्याच्या अळ्या दिसल्या तर वेचून काढाव्यात. धडधाकट झाड भर दुपारी मान टाकते आणि पाणी देऊनही सावरत नाही, तेव्हा बुंध्याशी उकरून आधी हीच अळी शोधावी.

फूट बोटभर झाली की पातळ खत सुरू करावे. 100 ग्रॅम शेंगदाणा पेंड एक लिटर पाण्यात सावलीत तीन-चार दिवस भिजवावी, रोज ढवळावी, गाळून दहापट पाणी घालावे. कुंडीला पाव लिटर, जमिनीतल्या झाडाला एक लिटर, दर पंधरा दिवसांनी, कळीला रंग दिसेपर्यंत. माती आधी ओली असावी. मात्रा वाढवून फुले वाढत नाहीत. नत्र जास्त झाले की फूट लुसलुशीत होते आणि मावा (रस शोषणारी बारीक कीड) आणि भुरी (पांढऱ्या पुडीसारखी बुरशी) दोन्ही तिच्यावरच धावतात.

अंड्याची टरफले आणि चुलीची राख गुलाबाला घालावी, असे सर्रास सांगितले जाते. हा सल्ला माती बघून घ्यायला हवा. गुलाबाला 6 ते 7 सामूची (पीएचची), किंचित आम्लाकडे झुकलेली जमीन मानवते. कोकणातली जांभ्याची माती मुळातच आम्लधर्मी, तिथे मूठभर राख चालते. देशावरची आणि मराठवाड्यातली काळी माती बहुधा चुनखडीयुक्त असते. तिथे राख आणि टरफले घालणे म्हणजे चुन्यात चुना घालणे. अशा मातीत लोह असूनही मुळांना मिळत नाही. कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या राहतात. खालची जुनी पाने सरसकट पिवळी होत असतील, तर ते दुखणे वेगळे. तिथे नत्र कमी आहे किंवा पाणी साचते आहे. शिरा हिरव्या दिसल्या तर एक किलो शेणखतात 10 ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) मिसळून आठवडाभर मुरवावे आणि ते एका झाडाच्या आळ्यात द्यावे. कूपनलिकेचे जड पाणी वापरत असाल, तर पावसाचे साठवलेले पाणी अधूनमधून द्यावे. चहाचा चोथा घालायचा तर दूध-साखर धुऊन, वाळवून घालावा, नाहीतर मुंग्या लागतात.

नवीन रोप

रोपवाटिकेतले कलम बहुधा चिकणमातीच्या घट्ट गोळ्यात येते. तसेच लावले तर भोवतालची माती ओली आणि गोळा आतून कोरडा, अशी गत होते. पिशवी काढून गोळा अर्धा तास पाण्यात बुडवावा, बाहेरची माती बोटांनी सैल करावी, मधली मुळे हलवू नयेत. डोळा भरलेल्या जागी, म्हणजे कलमाचा जोड असतो तिथे, प्लास्टिकची पट्टी उरली असेल तर ब्लेडने उभी चिरून काढावी. फांदी जाड होत जाते तशी ती पट्टी साल आवळते. ही जागा मातीच्या दोन बोटे वर राहावी. तिच्या खालून येणारा फुटवा खुंटाचा, म्हणजे ज्यावर कलम बांधले त्या मूळ झाडाचा असतो. तो कापू नये, माती बाजूला करून जिथून निघाला तिथून ओढून काढावा. नुसता कापला तर दुप्पट जोमाने येतो आणि वर्षभरात कलम मागे पडून खुंटच उरतो. रोपाला रोज किमान सहा तास ऊन हवे, त्यातही सकाळचे.

रोग आणि किडी

नोव्हेंबरच्या कोवळ्या फुटीवर मावा येतो. शेंड्याकडे मुंग्यांची रांग लागली की समजावे. सकाळी पाण्याचा जोरदार फवारा शेंड्यांवर तीन दिवस मारला, तर बहुतेक मावा धुऊन जातो. ढालकिडे दिसले तर त्यांना राहू द्यावे, ते मावाच खातात. तरीही मावा वाढला, तर 50 ग्रॅम निंबोळी पूड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, थोडा साबण घालून संध्याकाळी फवारावी. खोडावर पांढुरके-तपकिरी खवले चिकटलेले दिसले, तर जुना टूथब्रश साबणाच्या पाण्यात बुडवून घासावे. नुसती फवारणी खवल्याखाली पोचत नाही.

डिसेंबर-जानेवारीचे दुखणे भुरीचे. कोवळे पान वर वळते, त्यावर जांभळट झाक येते, मग पांढरी पूड दिसते. काळ्या ठिपक्यांना पान कित्येक तास ओले लागते, भुरीला तसे लागत नाही. थंड दमट रात्र आणि उबदार कोरडा दिवस तिला पुरतो. म्हणून कुंड्या हातभर अंतरावर सरकवून हवा खेळती ठेवावी. 100 मिलिलिटर दूध 900 मिलिलिटर पाण्यात मिसळून सकाळच्या उन्हात आठवड्याने फवारावे. जोर जास्त असेल, तर पाण्यात मिसळणारे गंधक लिटरला 2 ग्रॅम घ्यावे. गंधक 32 अंशांच्या वर तापमान असताना मारू नये, आणि कडुनिंबाच्या तेलानंतर किमान पंधरा दिवस तरी नकोच; पाने करपतात. भुरीवर खाण्याचा सोडा दोन-तीन फवाऱ्यांपलीकडे वापरू नये, कुंडीच्या मातीत सोडियम साचते.

पाणी मातीला द्यावे, पानांना नव्हे, आणि सकाळी. काळ्या जमिनीत हिवाळ्यात आठवड्याने पुरते. कुंडीत बोट दोन पेरे खुपसून कोरडे लागले तरच द्यावे. फूल उतरल्यावर नुसती मान न खुडता, खाली पाच पर्णिकांच्या पहिल्या सशक्त पानावर काप घ्यावा. तिथला डोळा जाड असतो, पुढची फांदी लांब येते.

फेब्रुवारीत ऊन वाढले की फुलकिडे येतात. कळी अर्धवट उघडते, पाकळ्यांच्या कडा तपकिरी होतात. पांढऱ्या कागदावर फूल झटकले तर बारीक पिवळसर किडे पळताना दिसतात. अशा कळ्या खुडून पिशवीत बांधून टाकाव्यात आणि निंबोळी अर्क कळ्यांवर दर सात दिवसांनी मारावा. पानांच्या खाली बारीक जाळे आणि वर फिकट ठिपके दिसले, तर तो लाल कोळी. पानांची खालची बाजू एक दिवसाआड पाण्याने धुवावी. मार्चपासून पेंडीचे पाणी बंद करून आळ्यात वाळक्या पाल्याचे तीन बोटे जाड आच्छादन द्यावे, ते बुंध्याला मात्र भिडू देऊ नये.