फर्माईश आली की पट्टी शोधत बसू नका

हळदीला किंवा वाढदिवसाला चार-पाच जणांचा वाद्यवृंद गातो, तेव्हा रंग उतरतो तो दोन गाण्यांच्या मधे. फर्माईश येते, गायिका ‘थोडं खाली घे’ म्हणते, कीबोर्डवाला सूर चाचपडतो आणि पाहुणे जेवणाकडे वळतात.

यावर एक साधी शंभरपानी वही पुरते.

1. प्रत्येक गाण्यासमोर गाणाऱ्याचं नाव आणि पट्टी, म्हणजे कीबोर्डच्या ज्या पट्टीवर त्याचा ‘सा’ धरायचा ती, लिहा: पांढरी 4, काळी 2. तेच गाणं दोघं गात असतील तर दोन वेगळ्या नोंदी.
2. शेजारी ट्रान्सपोजचा, म्हणजे कीबोर्डचे सगळे सूर अर्ध्या-अर्ध्या सुराने वर-खाली सरकवायच्या सोयीचा, आकडा. पांढरी 1 मध्ये बसवलेलं गाणं काळी 1 ला हवं तर +1, पांढरी 2 ला +2, काळी 2 ला +3.
3. लयीचा आकडा आणि ऑक्टोपॅडचा (काठ्यांनी वाजवायचं इलेक्ट्रॉनिक तालवाद्य) पॅच क्रमांक, म्हणजे त्या गाण्यासाठी निवडलेल्या आवाजांच्या संचाचा क्रमांक.
4. पानाचा फोटो सगळ्यांच्या फोनवर.

पट्टी मात्र गुणगुणून ठरवू नका. उभं राहून, माइकवर, अंतऱ्यातली सर्वांत उंच ओळ पूर्ण आवाजात गाऊन ठरवा. मुखडा कुठल्याही पट्टीत गोड लागतो, आवाज फाटतो तो अंतऱ्यात! तिसऱ्या तासाला गळा दमलेला असतो, म्हणून अवघड गाण्यांपुढे अर्धा सूर खालची पट्टीही पेन्सिलीने लिहून ठेवावी. त्याची गरज हमखास पडते.

जपायचं एकच: गाणं संपताक्षणी ट्रान्सपोज शून्यावर आणा. नाहीतर पुढच्या गाण्यात कीबोर्ड एका पट्टीत आणि गिटार दुसऱ्याच पट्टीत सुरू होतं.