आरपीएस१९ जीनची माहिती काढायची असेल तर अशी काढा

एमएस्सी बायोटेकच्या सेमिनारला रायबोसोमचं (पेशीत प्रोटीन बनवणाऱ्या यंत्राचं) एखादं प्रोटीन वाट्याला आलं की पोरं काय करतात, गुगलवर नाव टाकतात, पहिला जो सिक्वेन्स दिसेल तो उचलतात आणि अलाइनमेंट (सिक्वेन्सची एकमेकांशी जुळवणी) लावून मोकळी होतात. इतर जीनच्या बाबतीत हे एकवेळ खपतं, इथे नाही खपत, कारण या कुटुंबात नावांचा भयंकर गोंधळ आहे. मी आरपीएस१९ वर करून दाखवते, कारण त्याची कथा पक्की आहे: १९९९ मध्ये डायमंड-ब्लॅकफॅन अॅनिमियाच्या (बोन मॅरोत लाल पेशी नीट न बनण्याच्या जन्मजात आजाराच्या) पेशंटमध्ये याच जीनमध्ये म्युटेशन सापडली, आणि माणसाच्या आजाराशी थेट जोडलं गेलेलं हे पहिलं रायबोसोमल प्रोटीन. त्या आजाराच्या साधारण पाव पेशंटमध्ये दोष इथेच असतो.

सुरुवात एनसीबीआयच्या (अमेरिकेतल्या सरकारी जैविक माहितीकोशाच्या) जीन डेटाबेसपासून करा. नावासोबत होमो सेपियन्स टाकाच, नाहीतर झाडांच्या क्लोरोप्लास्टमधल्या आरपीएस१९ चा पाऊस पडतो. आणि ते झाडातलं आपल्या प्रोटीनचं भावंडसुद्धा नाही बरं का! बॅक्टेरिया आणि क्लोरोप्लास्टमधल्या एस१९ चा माणसातला जोडीदार आहे आरपीएस१५. आकडा सारखा म्हणून प्रोटीन सारखं असं इथे अजिबात नसतं, जुन्या लोकांनी प्रत्येक जीवात आपापल्या क्रमाने नंबर दिले त्याचा हा प्रसाद. २०१४ मध्ये नवीन नावं आली, त्यात आपलं प्रोटीन ईएस१९ आणि ते दुसरं यूएस१९. पेपर वाचताना सुरुवातीचं ते एक अक्षर बघत जा. लिस्टमध्ये आरपीएस१९बीपी१ पण दिसेल, तो आपल्या प्रोटीनला चिकटणाऱ्या दुसऱ्याच प्रोटीनचा जीन आहे, सोडून द्या. आपल्याला हवा तो जीन आयडी ६२२३, क्रोमोसोम १९ च्या लांब भुजेवर, १९क्यू१३.२.

लोकेशन लिहिताना जिनोमचं व्हर्जन लिहायला विसरू नका. जीआरसीएच३७ मध्ये (मानवी जिनोमच्या नकाशाची जुनी आवृत्ती, ३८ ही नंतरची) हा जीन ४ कोटी २३ लाखांच्या पुढे दिसतो आणि ३८ मध्ये ४ कोटी १८ लाखांच्या पुढे, म्हणजे ५ लाख बेसचा फरक. जुन्या रिपोर्टमधला आकडा नव्या ब्राउझरमध्ये टाकला की भलताच जीन उघडतो आणि मग दोन तास डोकं धरून बसावं लागतं.

आता एक्झॉन, म्हणजे जीनचे तयार आरएनएत टिकणारे तुकडे (मधले कापून टाकले जातात ते इंट्रॉन). एकूण ६ आहेत, पण पहिल्यातून प्रोटीन बनतच नाही, एटीजी (प्रोटीनची सुरुवात सांगणारी तीन अक्षरं) येतो दुसऱ्याच्या सुरुवातीला. डायग्राममध्ये पहिला एक्झॉन कोडिंगच्या रंगात रंगवलेला दिसला की परीक्षक लगेच पकडतात. ट्रान्सक्रिप्ट (जीनपासून बनणाऱ्या आरएनएचे प्रकार) बरेच दिसतील, माने सिलेक्ट (प्रमाण म्हणून निवडलेला) लिहिलेला घ्या. प्रोटीनसाठी युनिप्रॉटवर पी३९०१९, रिव्ह्यूड एन्ट्री, १४५ अमिनो अॅसिड, वजन १६ किलोडाल्टनच्या आसपास, इतकंसं पिल्लू.

यानंतरचं काम मात्र कागदावर हाताने करा, सॉफ्टवेअरने नको. कोडिंग सिक्वेन्स उघडा आणि एटीजीच्या ए पासून १ मोजत १८४ वर जा. १८४, १८५, १८६ हे तीन मिळून ६२ वा कोडॉन, म्हणजे एक अमिनो अॅसिड ठरवणारी तीन अक्षरं (१८६ ला ३ ने भागून बघा), तिथे सीजीजी म्हणजे आर्जिनिन आहे. १८४ चा सी बदलून टी झाला की टीजीजी, म्हणजे ट्रिप्टोफॅन. १८५ चा जी बदलून ए झाला की सीएजी, म्हणजे ग्लुटामिन. दोन्ही म्युटेशन पेशंटमध्ये सापडलेली आहेत, आणि पहिली तर एकमेकांशी काही नातं नसलेल्या कुटुंबांत पुन्हा पुन्हा. असं का होतं? सी च्या पुढे जी असला की त्या सी वर मिथाइल बसतो, आणि असा सी सहज टी मध्ये बदलतो. हेच समोरच्या स्ट्रँडवर झालं तर आपल्या बाजूला जी चा ए दिसतो. एकाच जागेचे दोन्ही बदल एका कारणाने समजतात, व्हायवात हे सांगितलंत तर पुढचे प्रश्न आपोआप कमी होतात.

लॅबमध्ये याचं आरटी-पीसीआर (आरएनएची डीएनए कॉपी करून ती वाढवणं) करणार असाल तर सावध राहा. रायबोसोमल प्रोटीन जीनच्या प्रोसेस्ड स्यूडोजीन (आरएनएवरून बनून परत घुसलेल्या निकामी कॉपी) जिनोममध्ये ढिगाने पडल्यात, आरपीएस१९ च्याही आहेत, आणि त्यांत इंट्रॉन नसतात. म्हणजे इंट्रॉनच्या दोन्ही बाजूंना प्रायमर ठेवले की जिनोमिक डीएनए येणार नाही ही नेहमीची युक्ती इथे पुरत नाही. प्रायमर ब्लास्ट करून घ्या (जिनोममध्ये आणखी कुठे जुळतात ते शोधा), आरएनएला डीएनेज (डीएनए तोडणारं एन्झाइम) द्या आणि रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज न घातलेली एक ट्यूब ठेवाच, त्यात बँड आला तर सगळं परत.

स्ट्रक्चर बघायला पीडीबीवर (प्रोटीनच्या त्रिमितीय रचनांचा डेटाबेस) ४यूजी० उघडा, माणसाचा आख्खा रायबोसोम आहे, चेनच्या जंगलात नावाने शोधा. आपलं प्रोटीन छोट्या सबयुनिटच्या (रायबोसोमच्या दोन भागांपैकी लहान भागाच्या) डोक्याकडे बसलेलं दिसेल. आणि कामाचं लिहिताना "प्रोटीन बनवण्यास मदत करते" एवढ्यावर थांबू नका. हे कमी पडलं की १८एस आरएनएच्या (छोट्या सबयुनिटमधल्या आरएनएच्या) शेवटच्या टोकाकडची कापाकापी अडते, २१एस नावाचा अर्धवट तुकडा साठतो आणि छोटी सबयुनिट पुरेशा तयार होत नाहीत. एक कॉपी चांगली असूनही आजार होतो तो यामुळेच, अर्धा माल पुरत नाही.

कुणी घरातल्या बाळाच्या रिपोर्टमुळे हे वाचत असेल तर थोडं वेगळं सांगते. बहुतेक वेळा पहिल्या वर्षातच हिमोग्लोबिन खूप कमी होतं, लाल पेशी मोठ्या आणि रेटिक्युलोसाइट (कोवळ्या लाल पेशी) अगदी थोडे असं चित्र असतं. एडीए या लाल पेशींतल्या, या आजारात बहुधा वाढलेल्या एन्झाइमची टेस्ट रक्त चढवण्याआधी व्हायला हवी, नंतर दात्याच्या पेशी मिसळल्यामुळे आकडा फसवतो. नुसत्या सँगर सिक्वेन्सिंगमध्ये काही सापडलं नाही म्हणजे जीन ठीक आहे असं धरू नका, आख्खा तुकडा गायब असेल तर त्यात तो दिसतच नाही, डिलिशनची वेगळी तपासणी मागा. आणि बोन मॅरो देण्यासाठी भावा-बहिणीचा विचार चालू असेल तर त्यांचीही तीच म्युटेशन आधी तपासून घ्या, त्यांचं हिमोग्लोबिन नॉर्मल असलं तरी, कारण या आजारात म्युटेशन असूनही काहीच त्रास नसलेली माणसं एकाच घरात सापडतात.