विट्सएमएल सिंक: वेलबोअर पोचतो, लॉग मात्र अडकतो

मुंबई हायवरची रिग, व्हीसॅट (उपग्रह) लिंक, त्यावर व्हीपीएन. विट्सएमएल, म्हणजे ड्रिलिंगचा डेटा पाठवायचं ठरलेलं स्वरूप, त्यातून डेटा किनाऱ्यावर जायचा. किनाऱ्यावरच्या सर्व्हरला लॉगिन होई, वेल (विहीर) आणि वेलबोअरच्या (तिच्या खोदलेल्या भोकाच्या) नोंदी पोचत; लॉगचा (खोलीनुसार घेतलेल्या मोजमापांचा) डेटा पाठवला की टाइमआउट. साधा पिंग मात्र व्यवस्थित, त्यामुळे लिंकवर कुणाचा संशयच नाही.

टाइमआउट वाढवला, सर्व्हरचं प्रमाणपत्र बदललं. एका वेळी मोजक्याच ओळी पाठवल्या तर जात होत्या (खरा सुगावा हाच). रात्रपाळीत डोकं फिरायची वेळ आली.

कारण: १५०० बाइटचं पॅकेट व्हीपीएनमध्ये मावत नव्हतं आणि ‘पॅकेट मोठं आहे’ हा आयसीएमपी (नेटवर्कमधल्या अडचणी कळवणारा प्रोटोकॉल) निरोप फायरवॉल अडवत होती; म्हणून पाठवणाऱ्याला ते कळतच नव्हतं.

आधी रिगवरच्या विंडोज मशीनवरून सर्व्हरला ‘-एफ -एल १४७२’ (पॅकेटचे तुकडे न करता १४७२ बाइट डेटा) लावून पिंग. उत्तर नाही. आकडा उतरवत गेलो; १३७२ हा चाललेला सर्वांत मोठा. त्यात हेडरचे २८ मिळवले की एमटीयू (एका पॅकेटची कमाल मर्यादा) १४००. मग राउटरच्या व्हीपीएन इंटरफेसवर टीसीपी एमएसएस (एका पॅकेटमधल्या नुसत्या डेटाची कमाल मर्यादा) १३६०, म्हणजे १४०० वजा आयपी-टीसीपी हेडरचे ४०. त्यानंतर सिंक सर्व्हिस रीस्टार्ट. एमएसएस जोडणी सुरू होतानाच ठरतो, जुनी जोडणी अडकलेलीच राहते. शेवटी, पोचलेल्या शेवटच्या खोलीपासून पुढचा लॉग भरला.

तुमचा आकडा वेगळा निघेल. १३६० तसाच उचलू नका.