धारावी पाहायला जाण्याआधी

गेटवे आणि एलिफंटा झाल्यावर परदेशातले पाहुणे हल्ली धारावीचे नाव काढतात, आणि त्यांना नेणारे मुंबईकर यजमान बहुधा स्वतःही तिथे कधी गेलेले नसतात. जायला हरकत नाही. मात्र आपण एक उद्योगवस्ती पाहायला चाललो आहोत हे निघतानाच पक्के करावे, म्हणजे काय पाहावे आणि कुठे थांबावे, हे फारसे अवघड राहत नाही.

सहल कंपनीमार्फत ठरवत असाल, तर वाटाड्या धारावीतलाच आहे का, गटात किती माणसे असतील आणि नफ्यातले वस्तीत काय परत जाते, हे आगाऊ विचारावे. २००६ पासून अशा सहली नेणारी रिॲलिटी टूर्स ही कंपनी फोटो काढू देत नाही आणि नफ्याचा मोठा वाटा आपल्या सामाजिक संस्थेकडे वळवते. इतरांना निदान याच मापाने जोखावे. टाळाटाळीची उत्तरे मिळाली, तर ती कंपनी सोडावी.

धारावीतल्या ‘तेरा कंपाउंड’ या भंगाराच्या भागात प्लास्टिक रंग आणि प्रकार पाहून वेगळे करतात, मग ते दळून, धुऊन वाळत घालतात. हे काम पाहण्यासारखे आहे, पण कित्येक कामगार त्याच गाळ्यात झोपतात, जेवतात. म्हणून उंबऱ्याबाहेर थांबून विचारावे आणि नकार आला तर पुढे चालावे. राहत्या गल्ल्यांची गोष्ट याहून नाजूक आहे. दोन माणसे जेमतेम जातील अशा बोळात भांडी आणि धुणे दारातच होते, त्यामुळे पाणी येण्याच्या वेळी तिथे शिरणे म्हणजे परक्याच्या मोरीत डोकावणेच. (नाकाला रुमाल लावून फिरायचे असेल, तर न गेलेलेच बरे.) फोन खिशात ठेवावा. मुलांना चॉकलेट किंवा सुटे पैसे वाटू नयेत.

पैसे द्यायचेच असतील, तर खरेदीतून द्यावेत: कुंभारवाड्यातल्या पणत्या, मुख्य रस्त्यावरच्या दुकानांतल्या चामड्याच्या पिशव्या. दहा-वीस रुपयांसाठी घासाघीस करू नये.

पुनर्विकासाबद्दल कुतूहल असणे स्वाभाविक आहे, परंतु नव्या घरासाठी कोण पात्र आणि कोण अपात्र हा तिथे घरोघरचा प्रश्न आहे. तो वाटाड्याशी बोलावा, दारात बसलेल्या बाईला ‘तुमचे घर जाणार का?’ असे विचारू नये.