दुकानाचा बोर्ड लावताय? आधी भिंत ठोकून बघा

नागपुरात, धरमपेठेत नाहीतर मनीषनगरात, नवं दुकान घेतलं की गल्ला कुठे ठेवायचा हे ठरण्याआधी बोर्डाचं डिझाईन ठरतं. मोबाईलवर चार नमुने येतात, घरातले सगळे मत देतात, रंगावरून एखादं भांडणही होतं. बोर्ड टांगायचा कशाच्या आधारावर, हा प्रश्न मात्र वेल्डर शिडीवर चढल्यावर निघतो. माझ्या पहिल्या बोर्डाच्या वेळी मीही हेच केलं. बारा फुटी बोर्ड आणि विटांच्या कठड्यात ठोकलेले सहा फास्टनर. मे महिन्यातल्या पहिल्याच वादळात बोर्ड खाली आला. स्वतः शाबूत होता, फक्त प्लास्टरची ढेकळं सोबत घेऊन आला. भर दुपारची वेळ, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, म्हणून निभावलं.

तेव्हापासून माझा क्रम उलटा आहे. आधी भिंत, मग कागद, आणि डिझाईन त्यानंतर.

पहिलं काम: भिंत ओळखा

बोर्डाचं वजन फार नसतं. खरा भार वाऱ्याचा. इमारतींवरच्या वाऱ्याच्या भाराचं भारतीय मानक आहे, आयएस 875 चा भाग 3. त्यात नागपूरसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 44 मीटर धरला आहे, म्हणजे ताशी साधारण 158 किलोमीटर. या वेगाच्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला जवळपास 118 किलो येतो. दहा बाय चार फुटांचा बोर्ड 3.7 चौरस मीटरचा, म्हणजे त्यावर 435-440 किलोचा रेटा. इमारतीची उंची, आजूबाजूची घरं पाहून इंजिनिअर हा आकडा कमी-जास्त करतो. पण अंदाज येण्यासाठी एवढं पुरे. आणि हा रेटा आत ढकलतो तसा बाहेरही ओढतो. फास्टनर उपटून निघतो तो या ओढण्याने.

म्हणून हातोडी घेऊन भिंत ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर प्लास्टर सुटलेलं आहे. शटरच्या वरचा काँक्रीटचा बीम सापडला तर उत्तम, मुख्य बोल्ट त्यातच घ्या. फैलणारे अँकर फास्टनर काँक्रीटसाठी असतात. विटेत ते घट्ट बसल्यासारखे वाटतात आणि मग वीटच फुटते. विटांची भिंत असेल तर केमिकल अँकर (भोकात रसायन भरून पक्का केलेला बोल्ट) वापरा, किंवा आरपार बोल्ट टाकून आतल्या बाजूने लोखंडी पट्टी द्या. महाल आणि इतवारीतल्या जुन्या चुन्याच्या भिंतींना तर आरपार बोल्टशिवाय हात लावू नका. छज्ज्यावर बोर्ड उभा करायचा मोह आवरा. छज्जा एका बाजूने अधांतरी असतो, पावसाचं पाणी अडवण्यापुरता तो बांधलेला असतो.

रस्त्यावर आडवा निघणारा, दोन्ही बाजूंनी दिसणारा बोर्ड अरुंद गल्लीत शक्यतो नकोच. ट्रकची ताडपत्री त्यात अडकते. इतवारीत असाल तर तान्ह्या पोळ्याला मारबत, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, निघते, तेव्हा गर्दीत तुमच्या बोर्डाची गय कोणी करणार नाही.

दुसरं काम: कागद

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, 1949 मधलं कलम 244 आकाशचिन्हांबद्दल आहे आणि कलम 245 जाहिरातींबद्दल. आकाशचिन्ह म्हणजे सांगाड्यावर उभारलेला, रस्त्यावरून पाहिला तर आभाळाच्या पार्श्वभूमीवर दिसणारा फलक. गच्चीवरचे मोठे बोर्ड यातच येतात. तुमच्या दुकानाच्या दर्शनी भिंतीवरचा, तुमच्याच धंद्याच्या नावाचा बोर्ड वेगळा. तिसरा प्रकार फसवा आहे, तो म्हणजे कंपनीने फुकट दिलेला बोर्ड. अर्ध्या जागेत शीतपेयाची बाटली आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत तुमचं नाव. ही दुसऱ्याच्या मालाची जाहिरात झाली आणि तिचा हिशोब तुमच्या दारात येतो. मी असा बोर्ड घेत नाही. फुकटात आपलं नाव लहान होतं, ते वेगळंच.

मनपाचे दहा झोन आहेत. आपल्या झोनच्या कार्यालयात जा, आपला बोर्ड कोणत्या प्रकारात बसतो आणि शुल्क किती, हे लेखी विचारा आणि पोच घ्या. तोंडी ‘चालते ना भाऊ, लावून टाका’ यावर विसंबू नका. तो सांगणारा बदलून जातो, बोर्ड तिथेच राहतो. दुकान हद्दीबाहेर असेल, समजा बेसा-पिपळ्याकडे, तर तिथल्या नगरपंचायतीत विचारा. सोबत नेण्याची फाईल अशी: इमारतीचा समोरून फोटो आणि त्यावर बोर्डाची जागा, मापांसह साधं रेखाचित्र, घरमालकाचं ना-हरकत पत्र, कॉम्प्लेक्स असेल तर तिथल्या सोसायटीचंही, मालमत्ता कर भरल्याची पावती आणि गुमास्ता, म्हणजे दुकानाचा नोंदणी दाखला. कामगार कायद्यात ठरवलेल्या संख्येपेक्षा कमी असतील तर गुमास्त्याच्या जागी ऑनलाईन दिलेल्या सूचनेची पावती चालते. बोर्डावरचं नाव आणि या कागदावरचं नाव एकच ठेवा. मोठा किंवा गच्चीवरचा फलक असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरचं प्रमाणपत्र हवंच. 13 मे 2024 ला मुंबईत घाटकोपरला 120 बाय 120 फुटांचं होर्डिंग वादळात पेट्रोल पंपावर कोसळलं आणि 17 जणांचा जीव गेला. इमारत वारसा यादीत असेल तर वारसा संवर्धन समितीचीही संमती लागते. मिळालेली परवानगी मुदतीची असते, संपायची तारीख मोबाईलमध्ये टाकून ठेवा.

तिसरं: अक्षरं

दुकाने व आस्थापना कायद्यातल्या 2022 च्या दुरुस्तीनंतर राज्यातल्या लहान-मोठ्या सगळ्या दुकानांना देवनागरी लिपीत मराठी नामफलक बंधनकारक आहे. दुसरी भाषा चालते, पण मराठी आधी हवी आणि तिची अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नकोत. सर्वोच्च न्यायालयाने 25 सप्टेंबर 2023 ला दोन महिन्यांची मुदत दिली होती, ती केव्हाच संपली. तरी ‘मराठी खाली घेऊ, डिझाईन चांगलं दिसते’ म्हणणारे डिझायनर भेटतात. दंड त्यांना होत नाही.

अक्षर केवढं हवं? ढोबळ हिशोब दहा फुटांमागे एक इंच. ताशी 40 च्या गाडीतल्या माणसाला नाव वाचायला तीन सेकंद मिळावेत असं धरलं तर तेवढ्यात तो 33 मीटर, म्हणजे सुमारे 110 फूट पुढे येतो. अक्षर अकरा इंचांचं हवं. इथे देवनागरीची गोम आहे. हे अकरा इंच शिरोरेषेपासून खालपर्यंतचे. वर वेलांट्या, मात्रा, रफार आणि खाली उकार धरले की बोर्डाची उंची दोन फुटांच्या घरात जाते. इंग्रजीसाठी आखलेल्या पट्टीत मराठी कोंबली की आधी उकार कापले जातात. वर्धा रोडवर दुमजली पुलाच्या बाजूला दुकान असेल तर आधी ठरवा, बोर्ड कोणाला दाखवायचा आहे. खालच्या रस्त्यावरच्या गिऱ्हाईकाला की पुलावरून सुसाट जाणाऱ्याला, जो थांबणारच नाही?

थ्रीडी अक्षरांचा भाव उंचीच्या इंचावर लावतात. ‘लक्ष्मी’ला किती अक्षरं धरणार, अनुस्वाराचे वेगळे पैसे का, हे आधीच बोलून घ्या. आणखी एक. अ‍ॅक्रिलिकचा एक मीटरचा तुकडा 50 अंशांच्या फरकाने साडेतीन मिलिमीटर वाढतो. जानेवारीची पहाट आणि मेची दुपार यांत उन्हात तापणाऱ्या बोर्डाला एवढा फरक सहज पडतो. अख्खा शब्द शिरोरेषेने जोडून एकसंध कापला आणि स्क्रू गच्च आवळले तर तडा जाणारच. भोकं थोडी मोठी ठेवा, लांब शब्द दोन तुकड्यांत घ्या.

चौथं: लाईट

एलईडी मॉड्यूल जलरोधक घ्या. 1.2 वॉटची शंभर मॉड्यूल म्हणजे 120 वॉट. दीडशेचा पॉवर सप्लाय कागदावर पुरतो, पण नागपूरच्या उन्हाळ्यात दोनशेचाच लावा. तो बोर्डाच्या आत नको, तिथे भट्टी होते. सावलीत, हवा लागेल अशा डबीत ठेवा. फार लांबही नको: 12 व्होल्टवर 120 वॉटला 10 अँपिअर जातात, दहा मीटर वायर ओढली की शेवटची अक्षरं मंद दिसतात. दोन-तीन मीटरच्या आत, अडीच स्क्वेअर मिलिमीटरची वायर. वेगळा एमसीबी (भार वाढला की वीज तोडणारा स्विच), 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की तोडणारा स्विच) आणि सांगाड्याला अर्थिंग. याला पर्याय नाही.

पाचवं: चढवण्याचा दिवस

दिवाळीनंतर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, पत्र्यावर माणूस चढवू नका. 11,000 व्होल्टपर्यंतच्या तारेपासून आडवं अंतर किमान 1.2 मीटर हवं. लांब पाईप वर नेताना तारेला लागण्याची भीती असेल तर महावितरणला सांगून लाईन बंद करून घ्या. काम सकाळी लवकर, खाली दोरी बांधून, शिडीऐवजी घोडीवर, आणि वरच्या माणसाला बेल्ट. सांगाड्याच्या प्रत्येक वेल्डिंगवर रेड ऑक्साईड (गंजरोधक रंग) मारलेला आहे का, ते वर चढवण्याआधी बघा. नंतर दिसत नाही. बोर्ड आणि भिंत यांत इंचभर फट, खाली पाणी निघायला भोकं आणि फटीला जाळी. जाळी विसरलात तर महिन्याभरात कबुतरं राहायला येतात.

शेवटचे पैसे रात्री लाईट लावून, रस्त्याच्या पलीकडून बोर्ड वाचून झाल्यावर द्या. मग दरवर्षी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, वादळं सुरू व्हायच्या आत, पाना घेऊन एकेक बोल्ट तपासा. माझ्याकडे हे काम पाडव्याच्या गुढीसोबतच उरकतं, शिडी तशीही काढलेली असते.