ऑटोमॅटिक बीएमडब्ल्यू ई३९ला मॅन्युअल गिअरबॉक्स बसवताना या चुका टाळा

१९९५ ते २००३ या काळात तयार झालेली बीएमडब्ल्यूची ई३९ पिढीतील ५-सिरीज सेडान मॅन्युअल करणे शक्य आहे, कारण कंपनीनेच ती दोन्ही प्रकारांत विकली. तिच्या ५३०आय या मॉडेलला पाच गिअरचा, तर ५४०आय या मॉडेलला सहा गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स मिळत असे. तरीही काम अर्धवट राहिलेल्या अनेक गाड्या गॅरेजमध्ये अडकून पडतात. दोष बहुधा गिअरबॉक्सचा नसतो. त्याच्यासोबत न आणलेल्या लहान वस्तूंचा आणि न केलेल्या कोडिंगचा, म्हणजे गाडीच्या संगणकांत न बदललेल्या नोंदींचा असतो.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे भाग सुटेसुटे जमवणे. आठ सिलिंडरच्या ५४०आयचा गिअरबॉक्स ५३०आयसारख्या सहा सिलिंडरच्या इंजिनाला जुळत नाही, ऑटोमॅटिकचा प्रॉपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा) मॅन्युअलला लांबीत बसत नाही, गिअरबॉक्सखालचा आडवा आधार वेगळा असतो आणि काही मॉडेलांत डिफरन्शियलचे (मागच्या चाकांना शक्ती वाटून देणाऱ्या गिअरसंचाचे) गुणोत्तरही वेगळे असते. त्यामुळे त्याच इंजिनाच्या एकाच मॅन्युअल गाडीतून पूर्ण संच घ्यावा. भारतातील गाडीसाठी पेडलचा संच उजव्या बाजूच्या स्टिअरिंगच्या गाडीचाच हवा, हे ध्यानात ठेवावे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ने आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९च्या निकालाने मूळ रचनेतील बदलांवर कडक मर्यादा घातल्या आहेत. म्हणून पैसे गुंतवण्यापूर्वी आरटीओ आणि विमा कंपनी यांच्याकडे लेखी विचारणा करावी.

पायलट बेअरिंग ही अगदी छोटी वस्तू आहे, पण ती विसरल्यास सगळे काम पुन्हा उघडावे लागते. ऑटोमॅटिक गाडीच्या क्रँकशाफ्टच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) टोकात ती नसते, कारण तेथे क्लचऐवजी द्रवाने शक्ती पोहोचवणारा टॉर्क कन्व्हर्टर असतो. बेअरिंगविना गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचे टोक अधांतरी राहते. क्लच दाबल्यावर घरघर येते आणि गिअर अडखळत पडतात. क्लच ज्यावर बसतो त्या जड चकतीला, म्हणजे फ्लायव्हीलला, ऑटोमॅटिकच्या पातळ चकतीचे (फ्लेक्सप्लेटचे) जुने बोल्ट वापरणे हीही तितकीच गंभीर चूक आहे. त्यांची लांबी वेगळी असते, शिवाय असे बोल्ट एकदा ताणले की पुन्हा वापरायचे नसतात. गिअरबॉक्स खाली असतानाच क्रँकचे मागचे ऑइल सील आणि रिलीज बेअरिंग बदलावे. ऑटोमॅटिकचा ऑइल कूलर काढल्यावर त्याकडे जाणाऱ्या कूलंटच्या वाटा नीट बंद कराव्यात, अन्यथा इंजिन तापेल.

गाडी जोडून झाली, चावी फिरवली आणि स्टार्टर हललाच नाही, तर बॅटरी किंवा स्टार्टर बदलण्याची घाई करू नये. ईडब्ल्यूएस ही चोरीविरोधी यंत्रणा ऑटोमॅटिक गाडीत लिव्हर पार्क किंवा न्यूट्रलमध्ये असल्याचा संकेत मागते, आणि तो देणारा भाग तर आपण काढून टाकलेला असतो. इंजिनाचा संगणकही हरवलेल्या गिअरबॉक्स कंट्रोलरचा शोध घेत राहतो. म्हणूनच मीटरवर ट्रान्समिशनच्या बिघाडाचा संदेश येतो. वायर तोडून किंवा दिवा झाकून हा प्रश्न सुटत नाही. ईडब्ल्यूएस, इंजिनाचा संगणक आणि मीटर या तिन्हींचे मॅन्युअल गाडीसाठी कोडिंग करणे हाच माझ्या मते स्वीकारार्ह उपाय आहे. रिव्हर्सच्या दिव्यांची वायर नव्या गिअरबॉक्सवरील स्विचपर्यंत न्यावी आणि क्लच पेडलचा स्विचही जोडावा. तो नसल्यास क्रूझ कंट्रोल चालू असताना क्लच दाबताच इंजिनाचे आरपीएम एकदम चढतात.

इंजिन बंद असताना सर्व गिअर सहज पडतात, पण चालू असताना अडतात, अशी तक्रार वारंवार ऐकू येते आणि तिचे खापर सिंक्रोनायझरवर, म्हणजे गिअर पडण्यापूर्वी त्यांचा वेग जुळवणाऱ्या कड्यांवर, फोडले जाते. प्रत्यक्षात क्लच पूर्ण सुटत नसण्याची शक्यता अधिक असते. क्लच दाबून काही सेकंद थांबावे आणि मग रिव्हर्स टाकावा. तरीही खरखर झाली, तर प्रथम क्लचच्या नळीतील हवा काढावी. या गाडीत क्लचला द्रव ब्रेकच्याच टाकीतून मिळतो, म्हणून क्लचच्या नळीसाठी तोंड असलेली टाकी बसवली आहे का, हेही पाहावे. हवा काढूनही फरक पडला नाही, तर पायलट बेअरिंग तपासावे. थंड असतानाच गिअर जड जात असतील, तर तेल पाहावे: गिअरबॉक्सवरील लेबलवर लिहिलेलेच तेल भरावे, डिफरन्शियलचे नव्हे, कारण त्यातील रसायने सिंक्रोनायझरच्या पितळी कड्यांना बाधू शकतात.