आलेला पॅच कसा तपासावा

मुक्तस्रोत प्रकल्पाकडे पॅच, म्हणजे कोणी सुचवलेला कोडमधला बदल, आला की त्याचा डिफ, म्हणजे बदललेल्या ओळींची यादी, लगेच उघडू नये. आधी सोबतचा कमिट संदेश (बदल नोंदवताना लिहिलेली टीप) वाचावा, तो ज्या इश्यूविषयी (नोंदवलेल्या अडचणीविषयी) आहे तो इश्यू वाचावा आणि ही अडचण सोडवायला आपण स्वतः कोणत्या फायलींना हात लावला असता, याचा अंदाज बांधावा. मग डिफमध्ये त्या अंदाजाबाहेरची फाइल दिसली, तर पहिला प्रश्न आपोआप हाती येतो. संदेशात नुसतेच ‘बग दुरुस्त केला’ असे असेल, तर कोणता बग, तो केव्हा दिसतो आणि हाच उपाय का निवडला, हे लिहून मागावे. काही महिन्यांनी त्या ओळीवर ‘गिट ब्लेम’ (कोडमधले बदल नोंदवणाऱ्या गिटची, ओळ कोणी व कोणत्या कमिटमध्ये बदलली ते दाखवणारी आज्ञा) चालवणाऱ्याला तेवढाच आधार असतो.

उदाहरणासाठी मुंबईच्या लोकलचे वेळापत्रक मराठीत दाखवणारे एक छोटे ॲप घेऊ. समजा, स्थानकांची लांब नावे मोबाइलच्या पडद्यावर मावत नाहीत, म्हणून एका विद्यार्थिनीने नाव 20 बाइटवर तोडणारा पॅच पाठवला. कोड नेटका आहे, टेस्ट (कोड नीट चालतो का ते तपासणारा छोटा कोड) जोडलेली आहे आणि ती पासही होते. मात्र टेस्टमधली सगळी नावे रोमन लिपीत आहेत. यूटीएफ-8 या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह 3 बाइट घेते. मात्रा आणि वेलांट्या धरून ‘बोरिवली’त 7 चिन्हे, म्हणजे 21 बाइट होतात; 20 वर कात्री लागली की शेवटची वेलांटी अर्धवट कापली जाते आणि ‘बोरिवल’पुढे चौकोन किंवा प्रश्नचिन्ह उमटते. बाइटऐवजी चिन्हे मोजली तरी सुटका नाही, कारण ‘विक्रोळी’ चौथ्या चिन्हावर तोडली तर ‘विक्’ उरते. जोडाक्षर मधेच न तोडण्याचा नियम युनिकोड या लिपींच्या जागतिक मानकाच्या अक्षरसमूह-नियमांत 15.1 या आवृत्तीत, 2023 साली आला, त्यामुळे अक्षरे मोजणारी लायब्ररी (तयार कोडचा संच) त्याआधीची नाही ना, हेही पाहावे लागते. माझे मत विचाराल तर नाव तोडण्याचे काम कोडने करूच नये, ते पडद्याच्या मांडणीवर सोडावे. पण हे सुचवताना ‘बोरिवली’ घातल्यावर काय दिसले, ते पाठवणारीला दाखवावे.

वाचून पटलेला पॅचही चालवून पाहिल्याशिवाय स्वीकारू नये. तो ईमेलने आलेली फाइल असेल, तर गिटच्या ‘अप्लाय’ आज्ञेला ‘--चेक’ हा पर्याय दिल्यास काहीही न बदलता तो लागू होतो की नाही, ते कळते. त्यानंतर वेगळी ब्रांच (कोडची स्वतंत्र शाखा) काढावी आणि पॅचमधली फक्त टेस्ट आधी लावावी. दुरुस्तीशिवाय ती टेस्ट फेल झालीच पाहिजे; जी टेस्ट जुन्या कोडवरही पास होते, ती त्या बगविषयी काहीच सिद्ध करत नाही. ही दोन मिनिटांची पायरी बरेच जण गाळतात, आणि नेमके तिथेच खोटे समाधान पदरी पडते.

टेस्ट फेल होऊन दुरुस्तीनंतर पास झाली, की कडेच्या नोंदी घालून पाहाव्यात. आपल्या ॲपमध्ये मध्यरात्रीनंतर सुटणारी लोकल ही अशी नोंद आहे. जीटीएफएस या वेळापत्रकाच्या मांडणीत आदल्या दिवसाच्या सेवेतली रात्री 12 वाजून 12 मिनिटांची गाडी 24:12:00 अशी लिहिता येते. तास 23 च्या पुढे जाणारच नाहीत असे गृहीत धरणारा पॅच ही गाडी गाळतो किंवा पहाटेच्या यादीत वर नेऊन ठेवतो. शनिवारच्या रात्री तर ती रविवारच्या वेळापत्रकात शिरते. घरी परतणाऱ्या माणसाला नेमकी तीच गाडी हवी असते.

परवान्याचे काम थोडक्यात होते: उचललेला कोड असल्यास त्याचा परवाना आपल्या परवान्याशी जुळतो का, एवढे पाहावे. नव्याने जोडलेल्या लायब्ररीची गरज खरोखर आहे का, तेही विचारावे. वाचता न येणाऱ्या बायनरी फायलींबाबत मात्र भीड ठेवू नये. 2024 साली ‘एक्सझेड युटिल्स’ या फायली आकुंचित करणाऱ्या साधनाच्या 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांत सापडलेला चोरदरवाजा टेस्टच्या म्हणून ठेवलेल्या फायलींतच दडवलेला होता. अशी फाइल कशी तयार केली ते मागावे आणि त्या कृतीने आपल्या संगणकावर तीच फाइल तयार होते का, ते पाहावे.

अभिप्राय लिहिताना अत्यावश्यक बदल आणि निव्वळ सूचना वेगळ्या ठेवाव्यात, नाहीतर नवखा माणूस व्हेरिएबलच्या नावावर संध्याकाळ घालवतो आणि मूळ चूक तशीच राहते. ‘हे चुकीचे आहे’ असे लिहिण्याऐवजी ‘24:12:00 ही वेळ दिल्यावर गाडी यादीत दिसत नाही, आपण ते पाहाल का?’ असे लिहावे. मोकळ्या जागा आणि कंसांची शिस्त कोडची मांडणी आपोआप नीट करणाऱ्या फॉरमॅटरवर सोपवावी. त्यावर माणसांनी वाद घालू नयेत. पॅच घ्यायचाच नसेल, तर तेही कारणासह लवकर कळवावे, कारण नकारापेक्षा महिनोन्‌महिने ताटकळणे जास्त जाचते.

मर्ज करताना, म्हणजे पॅच मुख्य कोडमध्ये मिसळताना, मूळ लेखकाचे नाव कायम राहील याची खात्री करावी. गिट लेखक आणि कमिट करणारा यांची नोंद वेगवेगळी ठेवते, त्यामुळे किरकोळ दुरुस्ती आपण केली म्हणून लेखकाच्या जागी आपले नाव येण्याचे कारण नाही. ती दुरुस्ती स्वतंत्र कमिटमध्ये करावी आणि मगच इश्यू बंद करावा.